सासरच्या भिंतीवर माहेरचा माणूस

नाणेघाटातल्या लेण्याच्या मागच्या भिंतीवर एके काळी आठ माणसं उभी होती. दगडात कोरलेली, पुरुषभर उंचीची. आज त्यांतलं कोणीही उरलेलं नाही. पायांच्या पुसट खुणा आणि जिथे डोकी असतील त्याच्या वर कोरलेली नावं, एवढाच ऐवज हाती आहे. पहिलं नाव सातवाहन घराण्याचा मूळपुरुष सिमुक याचं. पुढे काही राजकुमार आहेत, एक महारठी आहे. आणि सिमुकाच्या लगेच पुढे एका जोडप्याची नावं आहेत: आधी देवी नायनिका, मग राजा श्री सातकर्णी.

ही नायनिका म्हणजेच आपल्या इतिहासाच्या पुस्तकांतली नागनिका. पहिल्या सातकर्णीची पट्टराणी, वेदिश्री आणि शक्तिश्री या राजपुत्रांची आई. तिचा काळ साधारणपणे इसवी सनापूर्वीचं पहिलं शतक असा धरतात. काही अभ्यासक तो त्याच्याही मागे नेतात. महाराष्ट्राच्या भूमीवर जिचं नाव, कूळ, मुलं, व्रतं आणि दानं यांची समकालीन लेखी नोंद सापडते, अशी इतकी जुनी दुसरी राणी आपल्याकडे नाही. तरीही जात्यावरच्या ओवीत ती नाही. सीता आहे, रुक्मिणी आहे, गावोगावच्या देवी आहेत, नागनिका नाही. नाणेघाटाच्या माथ्यावरच्या सुळक्याला लोक ‘नानाचा अंगठा’ म्हणतात, जकातीचा म्हणून सांगितला जाणारा दगडी रांजण कौतुकाने दाखवतात. पण ज्या लेण्याशी तो घाट जोडला गेला, त्या लेण्यातली बाई लोकांच्या तोंडून केव्हाच निसटली.

याचं कारण उघड आहे. तिची आठवण कथेत नव्हती, लिपीत होती. आणि ती लिपी वाचणारे संपले. कर्नल विल्यम साइक्स १८२८ साली या लेण्यात पोहोचला तेव्हा भिंतीवरची ब्राह्मी अक्षरं वाचू शकेल असा एकही माणूस जगात नव्हता. जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मीचा उलगडा केला तो १८३७ मध्ये. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी या लेखावर आणि त्यातल्या अंकांवर कष्ट घेतले, आणि १८८३ मध्ये गेओर्ग ब्यूलरने त्याचं वाचन प्रसिद्ध केलं. मधल्या शेकडो वर्षांत कितीतरी व्यापारी, बैलांचे तांडे, शिपाई, गुराखी त्या भिंतींच्या आडोशाला टेकले असतील. राणीचं नाव त्यांच्या डोक्यावर होतं आणि त्यांना ती नुसती खाचा पडलेली भिंत वाटत होती.

लेण्याची जागा मात्र नीट विचार करून निवडलेली आहे. सोपारा आणि कल्याण या बंदरांवर उतरलेला माल घाटावर चढून जुन्नरला आणि तिथून पैठणकडे जायचा तो याच वाटेने. कोकणातून दमछाक करत वर आलेला प्रत्येक माणूस इथे थांबणारच. राजधानीच्या दरबारात लेख कोरला असता तर दरबाऱ्यांनी पाहिला असता. घाटाच्या तोंडाशी कोरला, म्हणजे परक्या मुलखातल्या सौदागरापासून ओझेवाल्यापर्यंत सगळ्यांनी पाहावा अशी इच्छा होती. इथून पुढे कोणाचं राज्य लागतं ते या भिंती सांगत होत्या. आणि ते सांगणाऱ्या लेखाच्या मध्यभागी एक बाई आहे.

डाव्या-उजव्या भिंतींवर मिळून वीस ओळींचा हा प्राकृत लेख आज बराच झिजला आहे, मधली मधली अक्षरं उडाली आहेत. सुरुवात देवतांना वंदन करून होते. इंद्र आहे, संकर्षण आणि वासुदेव आहेत, चंद्र-सूर्य आहेत, यम, वरुण, कुबेर, वासव हे चार लोकपाल आहेत. वासुदेव-संकर्षणांच्या पूजेचा दख्खनमधला हा फार जुना पुरावा, म्हणून धर्मेतिहासाचे अभ्यासकही या भिंतीपाशी येतात. राजाला इथे दक्षिणापथपती, म्हणजे दक्षिणेचा स्वामी, म्हटलं आहे. राणीबद्दल सांगितलं आहे की ती महिना-महिना उपवास करणारी, घरात राहून तापसीचं जिणं जगणारी, दीक्षा, व्रतं आणि यज्ञ यांत निपुण होती.

आणि मग सुरू होतो हिशेब. मला या लेखातला सगळ्यात जिवंत भाग हाच वाटतो. अग्न्याधेय, राजसूय, दोन अश्वमेध, गर्गत्रिरात्र, गवामयन, आप्तोर्याम असे एकामागून एक यज्ञ, आणि प्रत्येकापुढे दक्षिणेचे आकडे. कुठे १,७०० गाई आणि १० हत्ती. कुठे ११,००० गाई आणि १,००० घोडे. कुठे २४,४०० कार्षापण नाणी. एका यज्ञापुढे १०,००१ गाई. इतर यज्ञांपुढेही १,००१, १,१०१ असे आकडे येतात. ती वरची एक गाय पाहून मी प्रत्येक वेळी थबकतो. आजही लग्नात आहेराच्या पाकिटात आपण १०१ किंवा ५०१ घालतो, शंभराची किंवा पाचशेची कोरी नोट देत नाही. सह्याद्रीच्या कड्यावर दोन हजार वर्षांपूर्वी एका राणीच्या कारभाऱ्यांनी तसाच वरचा एक धरून मोजदाद केली होती. भारतातल्या अंकचिन्हांच्या इतिहासात नाणेघाटाचं नाव अटळपणे घ्यावं लागतं ते या याद्यांमुळे. शून्य आणि स्थानमूल्य अजून आलेलं नाही; दहा, वीस, शंभर, हजार यांना वेगवेगळी चिन्हं आहेत. जगभरच्या गणिताच्या इतिहासग्रंथांत जी अंकचिन्हं छापली जातात, त्यांतली कित्येक एका राणीच्या दानाच्या यादीतून आलेली आहेत.

आता वादाचा मुद्दा. हे यज्ञ केले कोणी? ब्यूलरपासून आजवर अभ्यासकांत यावर दुही आहे. एक पक्ष म्हणतो, सातकर्णीच्या निधनानंतर मुलं लहान असताना राणीने राज्य सांभाळलं आणि यज्ञांची ही नोंद तिने कोरवून घेतली. दुसरा पक्ष म्हणतो, यजमान सातकर्णीच. राणी सहधर्मचारिणी म्हणून बसली. यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांच्या शास्त्रानुसार श्रौत यज्ञात पत्नी पतीबरोबर हवीच, पण एकट्या स्त्रीला यजमानपद नाही. नेमक्या निर्णायक ठिकाणी दगड फुटलेला आहे, त्यामुळे व्याकरणाच्या जोरावर हा वाद मिटत नाही. मला स्वतःला असं वाटतं की यज्ञ राजा-राणीने मिळून केले असावेत आणि त्यांची आठवण दगडावर आणण्याचा निर्णय राणीचा असावा. उपवासाचा, तापसीपणाचा एवढा बारीक उल्लेख पती हयात असलेल्या राणीपेक्षा विधवा राणीला अधिक शोभतो. पण ‘तिने राज्य केलं’ हे वाक्य मूळ दगडावर नाही. ते आपण तर्काने लिहितो, आणि तर्क म्हणूनच लिहिलं पाहिजे.

हे आग्रहाने सांगण्याचं कारण असं की गेल्या काही वर्षांत नागनिका अचानक सगळ्यांना हवीशी झाली आहे. कोणी तिला जगातली पहिली राज्यकर्ती स्त्री म्हणतं, कोणी नाण्यावर नाव आलेली जगातली पहिली राणी. दुसरा दावा तर सरळ चुकीचा आहे. इजिप्तमधल्या टॉलेमी घराण्यातली दुसरी आर्सिनोई हिची नाणी इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातली आहेत. पहिल्या दाव्याची तर गोष्टच नको; हॅटशेप्सुट नागनिकेच्या आधी हजारभर वर्षांहूनही अधिक काळ राज्य करून गेली. कोणाला यज्ञसंस्थेच्या वैभवासाठी नागनिका हवी असते, कोणाला स्त्रीसत्तेच्या दाखल्यासाठी, कोणाला मराठी अस्मितेसाठी. ‘पहिली’ हे बिरुद लावण्याच्या घाईत तिच्या लेण्यात खरोखर काय घडलं होतं तिकडे कोणाचं लक्षच जात नाही.

काय घडलं होतं ते पाहायला पुन्हा मागच्या भिंतीकडे वळावं लागतं. राजघराण्यातल्या माणसांच्या प्रतिमा एका ठिकाणी उभ्या करण्याची रीत आपल्याला दोन गोष्टींमुळे परिचित आहे. मथुरेजवळच्या माट इथे कुषाणांचं देवकुल होतं, आणि भासाच्या ‘प्रतिमा’ नाटकात भरताला वडिलांच्या मृत्यूची वार्ता कळते ती प्रतिमागृहात दशरथाची मूर्ती पाहून. कुषाणांचं देवकुल नाणेघाटानंतरचं. म्हणजे राजघराण्याचं असं दालन प्रत्यक्ष दगडात पाहायचं, तर नाणेघाट हा भारतातल्या सर्वांत जुन्या दाखल्यांपैकी एक. अशा दालनात कोण असतं? पूर्वज, राजा, राजपुत्र. सत्तेचा धागा बापाकडून मुलाकडे जातो, त्या धाग्यावरची माणसं.

नाणेघाटात त्या रांगेत एक महारठीही आहे: महारठी त्रणकयिर. बहुतेक अभ्यासक त्याला नागनिकेचा पिता मानतात. लेखात तिच्या माहेरच्या अंगिय कुळाचाही उल्लेख येतो. सातवाहनांच्या मूळपुरुषाच्या भिंतीवर, त्यांच्या राजपुत्रांच्या खांद्याला खांदा लावून सुनेचा बाप उभा होता. महारठी म्हणजे मुलखात बळ बाळगून असलेलं मोठं घराणं. अशा घराण्यांशी सोयरीक जोडल्याशिवाय सातवाहनांना हा घाट, हा मुलूख हाताखाली ठेवता आला नसता. नागनिका त्या सोयरिकीची गाठ होती. आणि तिने ती गाठ लपवली नाही. लग्न झालं की मुलीचं नाव बदलायचं, कूळ बदलायचं, माहेर उंबऱ्याबाहेर ठेवायचं, ही रीत पुढे आपल्याकडे इतकी रुजली की तिला आपण सनातन समजू लागलो. नाणेघाटातली राणी सासरच्या राज्याच्या वेशीवर, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांच्या देखत माहेरचा माणूस उभा करते आणि त्याच्या नावाची पाटीही कोरवते. ती राज्य करत होती की नाही या प्रश्नापेक्षा मला हे मोठं वाटतं.

हिला अपवाद म्हणून बाजूला सारता येणार नाही. बेडशाच्या लेण्यांत पाण्याच्या टाक्यावर एक लेख आहे: महाभोजाची मुलगी, महारठिनी सामडिनिका, आपदेवणकाची पत्नी, तिचं हे दान. टाकं खोदवणारी बाई आपली ओळख बापाच्या पदाने सुरू करते, मग स्वतःची पदवी, मग स्वतःचं नाव आणि नंतर नवऱ्याचं नाव सांगते. जुन्नर, कार्ले, कान्हेरी, कुडे इथल्या लेखांतही दान देणाऱ्या उपासिका, भिक्षुणी, गृहिणी भेटतात. दानापुरता तरी बाईचा पैसा बाईच्या नावाने लिहिला जात होता.

नागनिकेनंतर सुमारे दीड-दोनशे वर्षांनी नाशिकच्या पांडवलेण्यांत दुसरी राणी बोलते: गौतमी बलश्री, गौतमीपुत्र सातकर्णीची आई. नातू पुळुमावी याच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी तिने भद्रायणीय पंथाच्या बौद्ध भिक्षूंना लेणं दिलं आणि मुलाची कीर्ती तिथे कोरवली. शक, यवन, पल्हवांचा पाडाव करणारा, क्षहरातांचा वंश निखालस संपवणारा, ज्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं तो, आणि आईच्या आज्ञेत राहणारा. गौतमीपुत्राविषयी आपण शाळेत जे शिकतो त्याचा मोठा भाग मुलगा गेल्यावर आईने लिहवून घेतलेला आहे. स्वतःबद्दल बलश्री जे सांगते ते नागनिकेच्या भाषेशी फार जुळतं: तप, नियम, उपवास यांत मन रमलेली. सत्य, दान, क्षमा आणि अहिंसा हे तिचे गुण. पराक्रम पुरुषाचा आणि व्रतं बाईची, अशी वाटणी दोन्ही लेखांत आहे. बाईने सार्वजनिक ठिकाणी स्वतःबद्दल बोलायचं तर व्रतस्थपणाच्या आडूनच बोलावं, हे बंधन तेव्हाही होतं. त्या बंधनात राहूनच एकीने साम्राज्याचा इतिहास लिहवला आणि दुसरीने राज्याच्या वेशीवर आपलं कूळ उभं केलं.

गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र ही आईच्या गोत्रावरून येणारी नावं दाखवून सातवाहनांकडे मातृसत्ता होती असं सांगणारे आजही भेटतात. ते खरं नाही. गादी बापाकडून मुलाकडेच जात होती. आईच्या गोत्राचं नाव मुलाच्या नावापुढे कोरलं जाई, आणि सिंहासनावर मुलगाच बसे. या दोन गोष्टी एका वेळी खऱ्या असू शकतात, हे ध्यानात ठेवलं तर त्या काळच्या बायकांना ना उगाच सिंहासनावर बसवावं लागतं, ना उंबऱ्याआड ढकलावं लागतं.

शाळेच्या पुस्तकात नागनिकेला एखाददुसरी ओळ मिळते, तीही सातकर्णीची पत्नी म्हणून. तिथे तिच्या वडिलांचं नाव, अंगिय कूळ आणि त्या आठ प्रतिमांची रांग आली पाहिजे. मुलांना १०,००१ गाईंचा आकडा ब्राह्मी चिन्हांत लिहून दाखवला पाहिजे. गणिताच्या तासालाही तो चालेल. आणि नाणेघाटात जाणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. मुरबाडकडून वैशाखरेमार्गे चढा किंवा जुन्नरकडून घाटघरमार्गे या, पण लेण्यात चूल किंवा स्टोव्ह पेटवू नका. फोटोत अक्षरं उठून दिसावीत म्हणून भिंतीला खडू, पीठ, पाणी काहीही लावू नका. विजेरीचा उजेड बाजूने तिरपा पाडा, अक्षरं आपोआप उठतात. मागच्या भिंतीवर आधी राणीचं नाव शोधा, मग राजाचं, आणि तिथून पुढे त्या महारठीचं.