रिकाम्या काडतुसांचा नाद सोड

खडकी, पुणे

चि. रोहन यास,


तुझा मेसेज वाचला. फोनवर बोललो असतो, पण तू नुसता ‘हो मामा, हो मामा’ करतोस आणि ठेवून देतोस. म्हणून लिहितोय.

क्लबात पॉइंट टू-टूच्या गोळ्या येईनात, वाट्याला येतात त्या पुरत नाहीत, आणि मोबाइलवर तू कुणा अमेरिकन बाबाला गॅरेजात बसून रिकामी काडतुसं पुन्हा भरताना पाहिलंस. आता तुला प्रायमर, पावडर आणि ते हातयंत्र पुण्यात कुठे मिळेल ते हवंय. मामा ॲम्युनिशन फॅक्टरीत होता, म्हणजे त्याला ठाऊक असणारच.

मामाला ठाऊक आहे ते ऐक. तुझ्या खिशातलं रिकामं काडतूस काढ आणि बूड बघ. कडेला पिनेचा एक चेपलेला खळगा दिसेल. बाराबोअरच्या काडतुसाला बुडाशी मधोमध वेगळी टोपी, म्हणजे प्रायमर, असते, ती काढता-घालता येते. पॉइंट टू-टूला टोपीच नाही. ठिणगी पाडणारा मसाला त्या पातळ पितळी कडेच्या आत फिरवलेला असतो. पिन आपटते, कड चेपते, मसाला जळतो, आणि त्या काडतुसाचा जन्म तिथेच संपतो. तो अमेरिकन बाबा भरत होता ती काडतुसं वेगळ्या जातीची. तेव्हा तुझ्या खेळापुरता हा प्रश्न इथेच मिटला.

पण तुझा तो मित्र आहे, घरात आबांची बाराबोअर असलेला. तो म्हणेल, आपलं तर भरता येतं. त्याला १९५९ चा शस्त्र कायदा दाखव. त्यातल्या दारूगोळ्याच्या व्याख्येत भरलेलं काडतूसच नाही, तर त्याचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रंसुद्धा येतात. विनापरवाना बनवलं तर २०१९ च्या दुरुस्तीपासून शिक्षा किमान सात वर्षं, पुढे जन्मठेपेपर्यंत. त्यात बंदूक असायचीही गरज नाही. कायदा बाजूला ठेवला तरी, मी ज्या कामावर होतो तिथे काडेपेटी फाटकाबाहेर राहायची, आणि टोप्यांच्या खोलीत माणसं कमी असावीत म्हणून कामच वाटून दिलेलं असायचं. कोरेगावात तुमच्या घरी आल्याच्या पोत्यांशेजारी टेबल मांडून करायचा हा उद्योग नव्हे.

टंचाई का आहे तेही समजून घे, म्हणजे क्लबच्या सेक्रेटरीवर उगाच चिडणार नाहीस. मॅचला चालतील अशा पॉइंट टू-टू गोळ्या बनवणारे कारखाने जगात मोजके: बर्मिंगहॅमची एली, जर्मनीतली आरडब्ल्यूएस, आणि नाव फिनलंडचं पण माल जर्मनीत बनणारी लापुआ. माल परदेशातून येणार, वर आयातीचे परवाने. खुद्द अमेरिकेत २०२० च्या साथीत प्रायमर दुकानांतून गायब झाले होते, २०२२ पासून युरोपात लढाई चालू आहे. आपली खडकीची फॅक्टरी १८६९ पासून दारूगोळा करते, पण तुझ्या मॅचची गोळी तिथली नव्हे.

मग करायचं काय? आधी मोज. तुझी थ्री पोझिशन म्हणजे गुडघ्यावर २०, पालथं २०, उभ्याने २०. साठ गोळ्या आणि वर नेम जुळवायच्या काही. पन्नासचं एक पाकीट फोडलं तरी मॅचसुद्धा पुरी होत नाही. असं असताना सरावात तू दोन-दोन पाकिटं नुसती ‘हात बसावा’ म्हणून उडवतोस. हात बसायला गोळी लागत नाही. घरी भिंतीवर ठिपका लाव आणि रोज ड्राय, म्हणजे गोळीविना सराव, कर. रायफल क्लबची, ती घरी येणार नाही, म्हणून पोझिशन, श्वास आणि तोल एवढंच घरी. ट्रिगरचं काम रेंजवर, कोचसमोर. त्यांना विचार, त्या रायफलीत ड्रायची सोय आहे का. नसेल तर रिकाम्या चेंबरवर पिन आपटू देऊ नकोस. रिमफायरची पिन चेंबरच्या कडेवरच बसते आणि कड खराब करते.

दहा मीटर एअर रायफल सोडलीस ती परत धर. साध्या ४.५ मिलिमीटरच्या मॅच एअर रायफलीला परवाना लागत नाही, छर्रे स्वस्त, आणि तिथला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. पन्नास मीटरवरचा तुझा दहा १०.४ मिलिमीटरचा, म्हणजे हरभऱ्याच्या टपोऱ्या दाण्याएवढा.

गोळ्या येतील तेव्हा पाकिटावरचा लॉट नंबर वहीत लिही. एकाच कंपनीचे दोन लॉट एका रायफलीतून सारखे जात नाहीत. जो लॉट तुझ्या रायफलीत घट्ट ग्रुप देतो तो मॅचसाठी राखून ठेवायला सांग, बाकीचे सरावाला. ‘माझ्याकडे शिल्लक आहेत, घे’ म्हणणाऱ्या अनोळखी माणसाकडून एक गोळीही घेऊ नकोस, क्लबच्या रजिस्टरमधूनच घे. भाव वाढलाय म्हणून ताईकडे पैसे मागताना लाजू नकोस. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेच्या वडिलांनी मुलाच्या गोळ्यांसाठी कर्ज काढलं होतं असं पेपरात आलं होतं. त्याने २०२४ ला पॅरिसमध्ये याच थ्री पोझिशनचं ब्राँझ आणलं. अर्थात ताईने कर्ज काढावं असं मी म्हणत नाही. महिन्याच्या गोळ्यांचा खर्च मी बघतो, फक्त हिशोब पाठव.

आणि त्या मित्राला एवढं सांग. आबा गेले असतील तर परवाना त्यांच्याबरोबर गेला. बंदूक आणि काडतुसं घरात पडून राहता कामा नयेत. पितळ हिरवं पडलेली, फुगलेली काडतुसं तर नुसती हाताळूही नयेत. त्याने आधी कोरेगाव पोलीस ठाण्यात जाऊन नुसतं सांगावं, काडतुसं पिशवीत घालून न्यायची नाहीत. काय करायचं ते तेच सांगतील.

ताईला नमस्कार.

तुझा,
मामा