रथ आणि पाटी

मिलिंद राजा आणि भदंत नागसेन यांचा संवाद ज्या सागल नगरीत घडला असे ‘मिलिंदपञ्हो’ सांगतो, ती नगरी म्हणजे आजचे सियालकोट, असे बहुतेक अभ्यासक मानतात. राजा रथातून आला होता. नागसेनांनी त्याला विचारले, रथ म्हणजे नेमके काय? दांडी म्हणजे रथ काय? आस? चाके? जू? प्रत्येक वेळी राजाला ‘नाही’ म्हणावे लागले. आणि या साऱ्या अवयवांच्या जुळणीला ‘रथ’ हे व्यवहारापुरते दिलेले नाव आहे, हे अखेर त्यानेच मान्य केले. हा संवाद मी विद्यार्थ्यांना अनेक वर्षे शिकवला. त्यातला प्रश्न लोखंडाचे रूप घेऊन माझ्यापुढे उभा राहिला, तो मात्र चंडीगडजवळच्या एका गोठ्यात.

एका चर्चासत्रासाठी मी त्या शहरी गेलो होतो. तेथील एका परिचिताला जुने ट्रॅक्टर जमवण्याचा छंद आहे. पिंजोरच्या पलीकडे एका वृद्ध शेतकऱ्याकडे जुना ‘झेटर २५११’ असल्याचे त्याला कळले होते. तो पाहायला निघाला आणि मीही सोबत गेलो.

हा प्रदेश म्हणजे आपल्या देशातील ट्रॅक्टरचे एक माहेरच होय. पिंजोरला ‘हिंदुस्तान मशीन टूल्स’ने चेकोस्लोव्हाकियाच्या सहकार्याने १९७१ साली ट्रॅक्टर बनवायला प्रारंभ केला. मोहालीला ‘पंजाब ट्रॅक्टर्स’ने १९७४ साली ‘स्वराज’ बाजारात आणला. त्याचा मूळ आराखडा दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेत तयार झाला होता. त्याआधी पूर्व युरोपातून रुपयाच्या व्यवहाराने ट्रॅक्टर येत. पिंजोरचा कारखाना बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ साली घेतला. तेव्हा येथे प्रश्न असा उद्भवतो, की समोरचा ट्रॅक्टर चेकोस्लोव्हाकियातील ब्रनो शहरातून आलेला, की पिंजोरला घडलेला? आणि इंजिन ब्रनोचे, गिअरबॉक्स पिंजोरचा, मागची चाके तिसऱ्याच यंत्राची असतील, तर त्याला काय म्हणावे?

माझा परिचित ज्या पद्धतीने तपासणी करत होता, ती पाहून मला हस्तलिखितांच्या खोलीत बसल्यासारखे वाटले. प्रथम त्याने पत्र्याची पाटी पाहिली. मग पाटीवरील क्रमांक चेसीवर ठोकलेल्या क्रमांकाशी ताडला. पाटी रिवेटांनी बसवली आहे की स्क्रूंनी, हे बोट फिरवून पाहिले. कारण स्क्रू असतील तर पाटी कोणीतरी काढून पुन्हा लावली, अशी शंका घ्यायला जागा राहते. ओतीव भागांवरच्या खुणा त्याने वाचल्या. रंगाचे थर एका कोपऱ्यात खरवडून खालचा रंग शोधला. पुष्पिका, अक्षरवळण, कागद, शाई यांवरून पोथीचा काळ ठरवणारा पाठचिकित्सक याहून वेगळे काय करतो?

या छंदातील ‘दुर्मिळ’ हा शब्दही तपासून पाहण्यासारखा आहे. कॉव्हेंट्रीत १९४६ ते १९५६ या काळात फर्ग्युसनचे करडे टी.ई. २० ट्रॅक्टर पाच लाखांहून अधिक संख्येने तयार झाले. त्यांपैकी एकही जन्मतः दुर्मिळ नव्हता. दुर्मिळता ही वस्तूच्या अंगची नव्हे. तिच्या भावंडांच्या मरणातून ती तिच्याकडे येते. चंडीगडहून लुधियानाकडे निघाले की फार दूर नसलेल्या मंडी गोबिंदगढच्या भट्ट्यांत जुने लोखंड वितळते आणि त्याच्या सळ्या होतात. एक ट्रॅक्टर दुर्मिळ व्हायचा, तर त्याच्यासारख्या कित्येकांना त्या वाटेने जावे लागते. संग्राहकाचा आनंद असा एका मोठ्या विस्मरणावर उभा असतो. त्यात पाप नाही. पण त्याची जाणीव असावी.

नागसेनांच्या रथाला पश्चिमेत एक जुळा भाऊ आहे. थीसियसच्या जहाजाची एकेक फळी बदलत गेली. सगळ्या बदलल्यावर ते जहाज तेच का? सतराव्या शतकात हॉब्जने या कोड्याला आणखी एक पीळ दिला. काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्यांचे दुसरे जहाज बांधले, तर खरे कोणते? ट्रॅक्टरच्या बाबतीत ही निव्वळ कल्पना राहत नाही. मिस्त्री काढलेला भाग टाकत नाही. तो दुसऱ्याच्या यंत्रात जातो. मग ज्याला पाटी लाभली तो ट्रॅक्टर असल, असा निवाडा व्यवहारात होऊ लागतो.

आणि नेमके येथेच तत्त्वज्ञानाचा प्रश्न नीतीचा होतो. बोल्ट खोटे बोलू शकत नाही. पाटी बोलू शकते. बोल्ट ही वस्तू आहे, पाटी हे विधान आहे. मोडक्या यंत्राला परका भाग जोडणे ही दुरुस्ती. त्यावर परकी पाटी ठोकणे ही खोटी साक्ष. खुद्द चंडीगडने याचा अनुभव घेतला आहे. पिएर जॅनरे यांच्या आराखड्यांनुसार तेथील कचेऱ्यांसाठी आणि विद्यापीठासाठी केलेल्या सागवानी खुर्च्या मोडल्यावर भंगार म्हणून लिलावात गेल्या आणि पुढे परदेशी लिलावांत मोठ्या किमतीला विकल्या जाऊ लागल्या. २०११ साली केंद्रीय गृहमंत्रालयाला त्यांच्या विक्रीवर बंदी घालावी लागली. कोण्या कारकुनाने नोंदणीसाठी खुर्चीच्या पाठीवर रंगवलेली अक्षरे हाच आता असलपणाचा पुरावा ठरला, आणि पाठोपाठ बनावट खुर्च्यांवरही तशीच अक्षरे उमटली.

माझा परिचित प्रामाणिक होता. खोटी पाटी त्याने कधीच लावली नसती. तरीही त्या दुपारी मला अस्वस्थ केले, ते त्याच्या प्रामाणिकपणानेच. डाव्या मडगार्डवर एक लोखंडी कडी ओबडधोबड वेल्डिंग करून बसवलेली होती. ती कारखान्याची नव्हे, हे उघड होते. ‘ही कापून काढू, म्हणजे मूळ रूप येईल,’ असे तो म्हणाला. वृद्धाने सांगितले, की मुलगा लहान असताना नांगरणीच्या वेळी शेजारी बसण्याचा हट्ट धरी. त्याला धरायला काही असावे म्हणून मिस्त्रीकडून ती बसवून घेतली. विनवणी त्याने केली नाही. केवळ माहिती द्यावी तसे सांगितले आणि तो चहा सांगायला आत गेला.

ती कडी पाहताना मला माझे एक जुने कृत्य आठवले. तरुणपणी एका घराण्यातील हस्तलिखित बाडाचे मी संपादन केले होते. त्यातील एका आख्यानाच्या समासात, वेगळ्या शाईत, त्या घरातील कोण्या स्त्रीने स्वतःच्या चार ओव्या लिहिल्या होत्या. छंद चुकलेला, शुद्धलेखन तिचे स्वतःचे. मी त्या ‘प्रक्षेप’ म्हणून गाळल्या. तळटिपेतही घेतल्या नाहीत. काही वर्षांनी ते बाड वाळवीने खाल्ले. आज जगात उरला आहे तो माझा शुद्ध पाठ. त्या ओव्यांतील एकही शब्द मला आठवत नाही.

वास्तविक पुण्याच्या भांडारकर संस्थेने मला दुसरी वाट दाखवून ठेवली होती. १९१९ साली आरंभलेली आणि १९६६ साली पूर्ण झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती प्रक्षिप्त भाग संहितेतून बाजूला काढते, पण फेकून देत नाही. तो तळाशी आणि परिशिष्टांत जपते. डॉ. सुकथनकरांच्या परंपरेची शिस्त मी अभिमानाने सांगत होतो आणि तिच्यातील औदार्य मात्र विसरलो होतो. प्रक्षेप असल नसेल. पण कोणीतरी तो ग्रंथ जगले होते, याचा तो पुरावा असतो.

यावर आक्षेप घेता येईल, की असे सर्वच जपायचे ठरवले तर गंजही जपावा लागेल, आणि मग ट्रॅक्टर कधी चालणारच नाही. आक्षेप खरा आहे. जीर्णोद्धार म्हणजे निवड, आणि निवड म्हणजे काही गमावणे. गंज हे वस्तूवर काळाने केलेले काम. कडी हे माणसाने केलेले. पहिले पुसताना हात कचरला नाही तरी चालेल. दुसरे पुसताना निदान त्याची नोंद व्हावी, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. रथ हे जर जुळणीचे नाव असेल, तर त्या जुळणीत कारखान्याने जोडलेले तेवढेच धरावे आणि बापाने जोडलेले वगळावे, असे नागसेनांनी कोठेही सांगितलेले नाही.

परतताना मी परिचिताला एवढेच सुचवले, की कडी ठेवणे शक्य नसेल तर ती कापण्यापूर्वी तिचे छायाचित्र काढावे, आणि ती कोणी, कशासाठी बसवली हे आपल्या वहीत लिहून ठेवावे. त्याने मान डोलावली. त्याने काय केले, हे मी अद्याप विचारलेले नाही. चार ओव्या ज्याने स्वतः गमावल्या, त्याला ते विचारण्याचा अधिकार आहे की नाही, याचा निर्णय माझ्याच्याने होत नाही.