नकार वाचताना

१६ एप्रिल २०२४ची दुपार. केंद्रीय लोकसेवा आयोगाचा अंतिम निकाल लागला, तेव्हा माझी भाची आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी होती. फोनवर पीडीएफ उघडलेली. तिनं शोधाच्या चौकटीत आपला रोल नंबर घातला. काही आलं नाही. एकेक आकडा तपासत पुन्हा घातला. नाहीच. मग तिनं यादी पहिल्या नावापासून बोटानं सरकवत वाचायला घेतली. एक हजार सोळा नावं. यंत्र चुकलं असेल, डोळे चुकणार नाहीत, एवढ्याच आशेवर. मी गॅस बारीक केला आणि तिच्याकडे न बघता तिच्या शेजारी उभी राहिले. शेवटचं पान संपल्यावर तिनं फोन ओट्यावर पालथा ठेवला. म्हणाली, "मावशी, मी जरा पडते."

हा तिचा तिसरा अटेम्प्ट. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचं, सकाळी सातला अभ्यासिकेत खुर्ची धरायची, दोन वेळा मेसचं जेवण, असे दिवस तिनं काढले. त्या वर्षी पूर्व निघाली, मुख्य निघाली, आणि फेब्रुवारीत ती दिल्लीला आयोगाच्या धोलपूर हाउसमध्ये मुलाखतही देऊन आली. घरातल्या सगळ्यांनी मनातल्या मनात पेढे वाटून टाकले होते. उंबऱ्यापर्यंत येऊन परत फिरावं लागणं हे दुरून परतण्यापेक्षा किती जड असतं, ते मी त्या दुपारी तिच्या पाठमोऱ्या चालण्यात पाहिलं.

संध्याकाळपासून फोन सुरू झाले. जे होतं ते चांगल्यासाठीच. आता प्लॅन बीचं बघा. वय काही थांबत नाही, दोन स्थळं आहेत माहितीतली. माणसं वाईट नव्हती, प्रत्येकाला काहीतरी द्यायचं होतं. पण पहिल्या दिवशी कोणी तत्त्वज्ञान देऊ नये आणि योजना तर मुळीच देऊ नये, असं माझं ठाम मत झालं आहे. बार्शीहून माझ्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे तिच्या आईचा फोन आला. तिनं एवढंच विचारलं, "जेवली का गं ती?" मला वाटतं, त्या दिवशी विचारण्यासारखा तो एकच प्रश्न होता.

दुसऱ्या दिवशी ती दहाला उठली. चहा घेतला. कोपऱ्यातला गव्हाचा डबा बघून म्हणाली, "दळायचेत ना हे? मी नेते." अर्ध्या तासानं परत आली ती बाहीवर, केसांवर पीठ घेऊन, आणि गरम डबा छातीशी धरून. नकारानंतरचं पहिलं काम असं असावं, हाताला करता येणारं आणि त्याच दिवशी पुरं होणारं. वर्षानुवर्षं ज्या कामाचं फळ वर्षाअखेरीलाच कळतं, त्यातून आलेल्या मनाला अर्ध्या तासात गव्हाचं पीठ झालेलं दिसणं ही फार मोठी गोष्ट आहे.

त्या दिवसांत माझ्या मनात एकच विचार घोळत होता. आपण नकार सोसायला शिकवतो. नेटानं उभं राहा, हार मानू नकोस, एवढं सांगतो. पण नकार वाचायला शिकवत नाही. खरं तर प्रत्येक नकारात काहीतरी लिहिलेलं असतं, आणि ते प्रत्येक वेळी वेगळं असतं. आपण मात्र तो न उघडताच त्यावर एक वाक्य लिहून टाकतो, 'मी पात्र नाही.'

भाचीच्याच परीक्षेचं बघा. त्या वर्षी दहा लाखांवर अर्ज होते. पूर्वपरीक्षेला प्रत्यक्ष बसले सुमारे पाच लाख ब्याण्णव हजार. त्यांतून १४,६२४ जण मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचले, २,८५५ जण मुलाखतीपर्यंत, आणि शिफारस झाली १,०१६ जणांची. म्हणजे शेवटच्या दारातून १,८३९ उमेदवार परत फिरले. या सगळ्यांनी मुख्य परीक्षेचे नऊ पेपर हातानं लिहिले होते आणि मंडळासमोर बसून प्रश्नांना उत्तरं दिली होती. जागा १,८०० अधिक असत्या तर हीच माणसं अधिकारी झाली असती आणि आपण त्यांना हुशार म्हणालो असतो. ही गोष्ट आयोगालाही ठाऊक आहे. म्हणूनच अंतिम यादीत न आलेल्या अशा उमेदवारांची माहिती, त्यांची संमती असेल तर, नोकरी देणाऱ्या इतर संस्थांसमोर ठेवण्याची योजना आयोगानं केली. आता तिला 'प्रतिभा सेतू' म्हणतात. नाकारणारा स्वतःच सांगतो आहे की ही माणसं गुणी आहेत. अशा नकारात लिहिलेला मजकूर बहुतेक गणिताचा असतो. तो आपल्या लायकीवरचा शेरा म्हणून वाचला, तर आपण स्वतःवर अन्याय करतो.

मी स्वतः तो तसाच वाचला होता. एम.ए. झाल्यावर एका कॉलेजात मराठीच्या अधिव्याख्यात्याच्या जागेसाठी मी मुलाखत दिली. जागा एक, आम्ही चौतीस जण. पंधरा दिवसांनी टंकलिखित पत्र आलं, तीन ओळींचं. त्यातल्या 'खेद' या शब्दातला 'द' अर्धवट उमटला होता, तो मला अजून दिसतो. मी ते पत्र घडी करून कपाटात साड्यांखाली ठेवलं आणि त्यानंतर कुठल्याही कॉलेजात अर्ज केला नाही. एकाही. शाळेत शिकवलं, मनापासून शिकवलं, त्या वर्षांचं मला दुःख नाही. दुःख आहे ते याचं, की चौतिसातून एक निवडायचा होता एवढाच अर्थ असलेल्या तीन ओळी मी आयुष्यभराचा निकाल म्हणून वाचल्या. ते पत्र मी त्या आठवड्यात काढून भाचीला दाखवलं. तिनं ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "मावशी, नंतर जागा निघाल्या नव्हत्या?" निघाल्या होत्या. पुढच्याच वर्षी दोन.

पण सगळेच नकार गणिताचे नसतात. काही नकारांत खोट दाराची असते, आणि तिथे मुकाट्यानं परत फिरणं म्हणजे त्या खोटीवर सही करणं. यासाठी मला नेहमी कमला भागवत आठवतात, पुढच्या डॉ. कमला सोहोनी. लेखिका दुर्गाबाई भागवतांच्या या धाकट्या बहिणीनं १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पहिल्या क्रमांकानं पूर्ण केली आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी अर्ज पाठवला. वडील आणि काका, दोघंही त्याच संस्थेत रसायनशास्त्र शिकून आलेले. घरातल्या मोठ्यांनी ज्या दारातून जावं, त्यातूनच आपणही जावं, इतकं ते साधं होतं. उत्तर आलं नकाराचं. संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन, नोबेल मिळालेले. कारण गुणांचं नव्हतं, अर्जदार मुलगी आहे हे होतं.

बावीस वर्षांची ही मुलगी बंगळूरला गेली आणि रामन यांच्यासमोर उभी राहिली. मुलींना का घेत नाही ते सांगा, असा तिचा आग्रह होता, आणि प्रवेश मिळेपर्यंत हलणार नाही असा हट्ट. गांधींच्या सत्याग्रहाचे ते दिवस होते, आणि तिनं तेच हत्यार प्रयोगशाळेच्या दारात वापरलं. रामन यांनी अखेर घेतलं, पण अटी घालून. पहिलं वर्ष परीक्षेचं, समाधान झालं तरच काम अधिकृत. आणि तिच्यामुळे तिथल्या पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये. ही शेवटची अट वाचताना आजही कान तापतात. तिनं त्या अटी मान्य केल्या. श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली दुधातल्या आणि डाळींतल्या प्रथिनांवर काम केलं. वर्षाच्या शेवटी रामन यांचं समाधान झालं, आणि त्यानंतर संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. पुढे केंब्रिज. वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असतं हे तिनं बटाट्यावरच्या कामातून दाखवलं आणि १९३९ साली पीएच.डी. मिळवली. तो प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा होता.

ही गोष्ट आपण विजयाची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण मला तिच्यातली दुसरी बाजू जास्त मोलाची वाटते. कमलाबाई तो अपमान विसरल्या नाहीत. उतारवयातही त्यांनी तो स्पष्ट शब्दांत सांगितला, रामन यांचा मोठेपणा मान्य करूनही सांगितला. सावरणं म्हणजे विसरणं, अशी आपली एक समजूत असते. झालं गेलं गंगेला मिळालं, असं आपण म्हणतो. कमलाबाईंनी काही गंगेला मिळू दिलं नाही. दुखरी जागा दुखरीच राहिली आणि काम चालू राहिलं. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेतही संचालकपद त्यांच्या वाट्याला हक्काच्या वेळी आलं नाही, बरीच वर्षं वाट बघावी लागली. त्यांनी याच संस्थेत ताड-माडाच्या नीरेवर काम केलं, आदिवासी मुलांच्या आणि गरोदर बायकांच्या पोषणासाठी ती किती उपयोगी आहे ते दाखवलं. त्या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. एका नकाराशी झुंजल्यावर पुढचे नकार येत नाहीत, असं काही नसतं.

भाचीला मी हे सगळं एका बैठकीत सांगितलं नाही. ऐकवण्यासारखे दिवस नव्हते ते. ती दुपारी पडून असायची, संध्याकाळी माझ्याबरोबर पर्वतीच्या पायथ्यापर्यंत चालायची, आणि पुढची पूर्वपरीक्षा मात्र १६ जूनवर येऊन ठेपलेली. या परीक्षेचं हेच क्रूर आहे. मुलाखतीचा निकाल लागतो तेव्हा पुढच्या वर्षाची पहिली परीक्षा फार तर दोन महिन्यांवर उभी असते. रडायला पुरेसा अवधीच नाही.

मग गुणपत्रक आलं. मी आत भाजी निवडत होते. ती येऊन शेजारी बसली आणि फोन माझ्यासमोर धरला. यादीची रेषा सहा गुणांनी चुकली होती, २,०२५ पैकी सहा. मुलाखतीचे गुण चांगले. सामान्य अध्ययनाचे ठीक. निबंधात २५० पैकी ९६. त्या आकड्यावर तिनं बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. मी धास्तावले होते, पण तिचा चेहरा निकालाच्या दिवसासारखा नव्हता. तो मी शाळेत पाहिलेला चेहरा होता, चुकलेलं गणित कुठल्या पायरीवर चुकलं ते सापडल्यावरचा.

"हे माझं आहे," ती म्हणाली. "बाकी जागांचं असेल, नशिबाचं असेल. पण हे ९६ माझे आहेत."

तिचं माध्यम मराठी. रात्री जेवणं झाल्यावर तिनं वही आणली. पूर्व तोंडावर असताना निबंध कशाला काढतेस, असं मी म्हटलं, तर म्हणाली, रोज फक्त एक परिच्छेद, झोपण्याआधी. तू तपासायचास. मी सवयीनं लाल पेन घ्यायला उठले.

"लाल नको गं मावशी," ती म्हणाली. "पेन्सिल घे."

मी पेन्सिलीला टोक काढलं आणि तिच्या पहिल्या वाक्याशी थांबले. ते लांब होतं, आणि त्यात तिला काय म्हणायचं होतं ते तिसऱ्या स्वल्पविरामानंतर सुरू होत होतं. मी तिथे खूण केली. तिनं वाकून पाहिलं, आधीचे सगळे शब्द एका रेघेनं खोडले आणि तिथूनच पुन्हा लिहायला लागली.