ठिपक्यापाशी थांबा

पिपेट खाली ठेवा.

एक श्वास घ्या. सावकाश सोडा.

समोर आलेखाचा कागद आहे. मधोमध एक आडवी रेघ. तिच्या वर तीन रेघा, खाली तीन. नुसतं बघा.

मधली सरासरीची, १०० ची. बाकीच्या एक, दोन आणि तीन एसडीच्या, म्हणजे प्रमाण विचलनाच्या. आपल्या कंट्रोलच्या, म्हणजे रोज तपासायच्या त्याच ठरलेल्या सीरमच्या, ग्लुकोजचा एसडी समजा ३ आहे. लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी १९५० साली असा आलेख क्लिनिकल लॅबमध्ये आणला.

रेघांमध्ये ठिपके आहेत. रोज एक. कुणी जरा वर, कुणी जरा खाली. सीरम एकच, हातही तेच, तरी रोजची जागा वेगळी.

हे हलणं बघत राहा. ते असणारच.

आता समोरच्या नळीकडे या. दहा मायक्रोलिटर कंट्रोल, एक मिली रिएजंट. सदतीस अंशांवर दहा मिनिटं. गुलाबी रंग चढतो आहे. घड्याळाकडे नको, रंगाकडे बघा.

श्वास घ्या. सोडा.

रीडिंग येतं. १०७.

आजचा ठिपका द्या. दोन एसडीच्या बाहेर, तीनच्या आत.

इथे थांबा. आत काय उठतं ते ऐका.

‘परत लावू या.’ ‘१०४ लिहू या, कोण बघतंय?’ खोडरबराकडे हात जातोय का? जाऊ दे. फक्त तो जाताना बघा. (जर्नल तपासताना अख्ख्या बॅचचे ठिपके मधल्या रेघेवर शिस्तीत बसलेले दिसले, की मला काळजी वाटते.)

काही बिघडलेलं नसतानाही विसातला एखादा ठिपका दोन एसडीच्या बाहेर पडतो. म्हणून वेस्टगार्डच्या १९८१ च्या नियमांत ही रेघ इशाऱ्याची आहे. ती ओलांडली म्हणून लगेच रन रद्द होत नाही. आधी आजूबाजूला बघायचं असतं.

तर बघू या. नजर डावीकडे सरकवा. हळू.

काल १०५. परवा १०३. त्याआधी १०२, १००. सोमवारी ९९.

पुन्हा एकदा, सोमवारपासून. ९९, १००, १०२, १०३, १०५, १०७.

ऐकू येतंय? सोमवारच्या आधी ठिपके वर-खाली होतात. सोमवारनंतर एकही खाली उतरत नाही.

सोमवारी काय झालं, आठवा. कंट्रोलची नवी बाटली. तळाशी पिवळसर भुकटी. पाच मिली डिस्टिल्ड वॉटर. बाटली झटकायची नाही, फेस होतो. हलकेच फिरवून ठेवून द्यायची. अर्धा तास काहीच करायचं नाही. अख्ख्या प्रॅक्टिकलमध्ये मुलांना सगळ्यात जड जातो तो हाच अर्धा तास.

तेव्हापासून बाटली फ्रिजमध्ये आहे. रोज बाहेर येते, रोज आत जाते.

ती हातात घ्या. गार लागते. उजेडासमोर धरा. झाकणावर बोट फिरवा.

झाकण पुरतं बसलेलं नाही.

पाणी थोडं थोडं उडत राहतं. साखर आहे तेवढीच राहते.

१०७ खोडू नका. शेजारी आजची तारीख, कारणाचा अंदाज आणि सही. पेशंटचे रिपोर्ट आत्ता सोडायचे नाहीत.

नवी बाटली काढा. पाच मिली पाणी घाला. हलकेच फिरवा.

अर्धा तास आहे आपल्याकडे. बसा.