लाज कोणाला वाटावी?



ठाण्याहून घोडबंदर रोडने गायमुखाकडे निघालात की कासारवडवली-ओवळ्याच्या आसपास एक दृश्य दिसते. रोज दिसते म्हणून आता ते तुमच्या डोळ्यांत शिरत नाही. रस्त्याच्या एका अंगाला पंचवीस-तीस मजल्यांचे टॉवर आणि दुसऱ्या अंगाला ते टॉवर बांधणाऱ्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या. संध्याकाळी टँकर आला की पुरुष मजूर एका चड्डीवर रस्त्यालगतच अंघोळ उरकतात. बायका मात्र पहाटे उजाडण्याआधी, निवडणुकीतल्या जुन्या फ्लेक्सच्या आडोशाला, अंगावरची साडी न सोडता दोन तांबे ओतून घेतात आणि ओलेत्याने आत पळतात. टॉवरच्या गॅलरीतून ओरड होते ती "कसला हा उघडेनागडेपणा!" अशी. त्याच टॉवरच्या आवारात पोहण्याचा तलाव असतो, आणि तिथल्या पाटीवर लिहिलेले असते की पोहण्याचा खास पोशाख असल्याशिवाय पाण्यात उतरू नये. तिथे साडी नेसलेल्या बाईला मज्जाव आहे. एकाच रस्त्यावर, शंभर पावलांच्या अंतरात, अंग झाकण्याचे दोन कायदे चालतात.

धम्माच्या पाक्षिकात हा विषय कशाला, असे तुम्ही विचाराल. सांगतो. याच रस्त्यावरच्या एका वस्तीत राहणाऱ्या, नुकतीच दीक्षा घेतलेल्या कुटुंबातील एक भगिनी मागच्या महिन्यात वंदनेनंतर थांबली. तिची सासू गडहिंग्लजकडची. नातू आजारी होता तेव्हा सासूने सौंदत्तीच्या यल्लम्माला नवस बोलला होता की पोर बरे झाले तर मी लिंब नेसेन. पोर बरे झाले. मग सगळ्या घराने दीक्षा घेतली, सासूनेही घेतली. आता म्हातारी म्हणते, "नवस दीक्षेच्या आधीचा आहे. देणे ते देणेच." घरातला कर्ता मुलगा यावर गप्प आहे. त्याच मुलाने आपल्या तेरा वर्षांच्या मुलीला शाळेच्या पोहण्याच्या वर्गात जाऊ दिले नाही. बौद्धाच्या मुलीने तोकडा पोशाख घालून चारचौघांत जाणे त्याला शोभत नाही. ती भगिनी मला म्हणाली, "दादा, आता तुम्हीच सांगा, आमच्या घरात नागवं कोण होतंय?"

लिंब नेसणे म्हणजे काय, हे शहरात वाढलेल्यांना ठाऊक नसेल. बाई कुंडावर अंघोळ करते, वस्त्रे उतरवते, अंगाभोवती कडुलिंबाचे डहाळे बांधते, तोंडात लिंबाचा पाला धरते आणि तशीच देवीच्या दर्शनाला जाते. कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागातल्या आपल्या किती आयाबहिणी अशा गेल्या, त्याची नोंद कोणी ठेवलेली नाही. मी दहा-अकरा वर्षांचा असताना यात्रेत शेजारच्या काकूंना तशा पाहिले आहे. मान खाली घालावी हे मला सुचले नाही. भोवतालचे जे करत होते तेच मी केले, म्हणजे पाहत राहिलो. पुढे कितीतरी वर्षे त्या काकू समोर आल्या की मी वाट बदलत असे. लाज मला वाटत होती, पण ती त्यांची म्हणून वाटत होती. ती माझी स्वतःची होती हे फार उशिरा कळले.

कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात चंद्रगुत्ती येथे रेणुकांबेचे देऊळ आहे. तिथे वरदा नदीत अंघोळ करून पूर्ण विवस्त्र होऊन देवळापर्यंत जायची प्रथा होती. मार्च १९८६ मध्ये दलित संघर्ष समितीचे कार्यकर्ते ती थांबवायला गेले. जमावाने त्यांना मारले, त्यांचे कपडे फाडले आणि त्यांनाच नागवे करून फिरवले. बंदोबस्ताच्या पोलिसांनाही सोडले नाही, त्यात महिला पोलीसही होत्या. त्यानंतर सरकारने या प्रथेवर बंदी घातली. नागवे होणे ही जर पवित्र सेवा होती, तर विरोधकाला शिक्षा म्हणून तीच का दिली? त्या दिवशी जमावाने स्वतःच कबूल केले की नागवे करणे म्हणजे काय हे त्याला पक्के ठाऊक आहे.

म्हणजे मग उघडे शरीर हेच पाप काय? घाईने हो म्हणू नका. त्रावणकोर संस्थानात नाडर स्त्रियांनी छाती झाकली तर तो गुन्हा ठरत असे. त्यांनी झाकायला सुरुवात केली तेव्हा त्यांची वस्त्रे फाडण्यात आली, आणि दीर्घ झगड्यानंतर १८५९ साली राजाने त्यांना अंग झाकण्याची मोकळीक दिली. तिथे झाकणे हा उद्धटपणा होता. फिनलंडमध्ये घरची माणसे वाफेच्या खोलीत एकत्र विवस्त्र बसतात, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. जपानात गरम पाण्याच्या झऱ्यांवर कपडे घालून पाण्यात उतरणे हाच गलिच्छपणा समजला जातो. पुरुषांची आणि स्त्रियांची कुंडे वेगळी असतात, एवढेच. आपल्याकडे रस्त्यावर अंग उघडे टाकून असभ्यपणा केला तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली खटला होतो, आणि नाशिकच्या कुंभमेळ्यात नागा साधूंच्या मिरवणुकीला तेच पोलीस वाट करून देतात. १९९५ साली बुटांच्या एका जाहिरातीत मधु सप्रे आणि मिलिंद सोमण विवस्त्र दिसले, त्यावरचा खटला २००९ पर्यंत चालला आणि दोघे सुटले. पण चौदा वर्षे गेलीच. तेव्हा काय झाकावे आणि किती झाकावे याचे उत्तर गावागणिक बदलते. ते निसर्गाने लिहून ठेवलेले नाही.

तथागतांनी या प्रश्नाकडे कसे पाहिले ते विनयपिटकाच्या महावग्गात आहे, आणि ते मला फार विचार करण्यासारखे वाटते. श्रावस्तीला जेतवनात असताना मोठा पाऊस आला. भगवान भिक्खूंना म्हणाले, पावसात अंघोळ करून घ्या. भिक्खूंनी चीवरे उतरवून ठेवली आणि पावसात उभे राहिले. तेवढ्यात विशाखेची दासी भोजनाचा निरोप घेऊन आली, तिने नागवे पुरुष पाहिले आणि परत जाऊन सांगितले की विहारात भिक्खू नाहीतच, तिथे आजीवक आहेत. विशाखा शहाणी होती, तिने काय झाले असेल ते ओळखले. तिने भगवंतांकडे वर मागितले, त्यात भिक्खूंसाठी पावसाळी अंघोळीचे वस्त्र आणि भिक्खुणींसाठी पाण्यात नेसायचे वस्त्र होते. कारण भिक्खुणी अचिरवती नदीवर गणिकांच्या शेजारी विवस्त्र न्हात आणि त्या गणिका त्यांची चेष्टा करीत. भगवंतांनी वर दिले. पावसात उभे राहिलेल्या भिक्खूंना मात्र पापी म्हटले नाही, अंघोळीची आज्ञा तर त्यांनीच दिली होती.

त्याच महावग्गात पुढे दुसरा प्रसंग आहे. एक भिक्खू नग्न होऊन भगवंतांसमोर आला आणि नग्नतेचे गुण सांगू लागला. तिने अल्पेच्छता येते, संतोष येतो, तेव्हा सर्व भिक्खूंना नग्न राहण्याची अनुज्ञा द्यावी, असे त्याचे म्हणणे. भगवंतांनी त्याची कडक निर्भर्त्सना केली आणि असे करणे हा मोठा दोष ठरवला. आता हे दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहा. शरीर दोन्हीकडे तेच आहे. पावसात उभ्या असलेल्याला त्यातून काही मिळवायचे नव्हते, त्याला अंग धुवायचे होते. दुसरा मात्र कातडी उघडी टाकून पुण्य कमवू पाहत होता. भगवंतांनी नाकारले ते हे पुण्य.

दिगंबर जैन मुनींची गोष्ट इथे कोणीतरी काढेलच, आणि काढावी. कुंभोजच्या बाहुबलीची मूर्ती २८ फूट उंच आणि दिगंबर आहे, कोल्हापूर-सांगलीच्या रस्त्यांनी मुनी पायी जातात आणि शेतातला माणूस हात जोडतो. त्यांचा मार्ग आपला नाही, हे तथागतांच्याच काळापासून स्पष्ट आहे. पण त्यांची टिंगल करणाऱ्या बौद्धाने बुद्ध वाचलेला नाही. मुनीने ते व्रत स्वतः घेतले आहे. मग म्हातारीही स्वतःच्या मर्जीनेच लिंब नेसते ना? इथे मी बराच अडखळलो. मग असे लक्षात आले की मुनीने व्रत सोडले तर फार तर लोक नावे ठेवतील. म्हातारीने नवस मोडला तर नातू मरेल, अशी धास्ती तिच्या उरावर बसवलेली आहे. जिथे 'नाही' म्हणण्याची किंमत पोराचा जीव आहे, तिथे 'हो' ला मर्जी म्हणता येत नाही. आणि हेही विचारा की गावच्या पाटलिणीला किती वेळा लिंब नेसावे लागले?

आपल्या लोकांना वस्त्राचा प्रश्न हौसेचा कधीच नव्हता. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब खास स्त्रियांसमोर बोलले. लुगडे उच्चवर्णीय बायकांसारखे नेसा, अस्पृश्यतेची खूण सांगणारे गळ्यातले-हातातले जड दागिने टाका, असे त्यांनी सांगितले. काहींना वाटेल, एवढ्या मोठ्या लढ्यात लुगड्याचे काय? पण कोणी गुडघ्यापर्यंत नेसायचे आणि कोणी घोट्यापर्यंत, हे दुसऱ्याने ठरवावे, यातच तर गुलामी होती. गांधीजींनी १९२१ मध्ये मदुराईला अंगावरचे कपडे कमी केले. बाबासाहेबांनी सूट घातला. ज्याच्याजवळ होते त्याने उतरवले तर तो त्याग झाला. ज्याच्या अंगावरून पिढ्यान् पिढ्या उतरवले गेले त्याने काय करायचे?

१९७२ साली परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगावात विहिरीच्या पाण्यावरून दलित स्त्रियांना विवस्त्र करून मारले. त्या वर्षी १५ ऑगस्टच्या 'साधना'त राजा ढाले यांनी राष्ट्रध्वजाच्या अपमानाला ३०० रुपये दंड आणि दलित बाईचे लुगडे फेडण्याला ५० रुपये, हा हिशेब मांडला आणि केवढा गहजब झाला! लोकांना राग आला तो ध्वजाविषयीच्या शब्दांचा. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचे कपडे बळाने उतरवणे, नग्न धिंड काढणे हा स्वतंत्र गुन्हा झाला. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यातही चेटुकाच्या नावाखाली नग्न धिंड काढण्याला शिक्षा आहे. एवढे असूनही मे २०२३ मध्ये मणिपुरात दोन कुकी स्त्रियांची धिंड काढली गेली आणि तिची चित्रफीत देशाने जुलैत पाहिली. याच मणिपुरात, इम्फाळला, १५ जुलै २००४ रोजी बारा आया कांगला किल्ल्याच्या दारात स्वतः विवस्त्र उभ्या राहिल्या होत्या, एका तरुणीवरील अत्याचाराचा जाब विचारायला. लाज त्यांच्याकडून निघून समोरच्या बंदूकधाऱ्यांकडे गेली.

पालीत दोन शब्द आहेत, हिरी आणि ओत्तप्प. वाईट करण्याची आतून वाटणारी लाज, आणि वाईटाच्या परिणामांचे भय. या दोन्हींचा संबंध कृत्याशी आहे, कातडीशी नाही. ब्राह्मणगावच्या स्त्रियांना हिरी वाटण्याचे काहीच कारण नव्हते. ती लुगड्याला हात घालणाऱ्याला वाटायला हवी होती, आणि यात्रेत पाहत उभ्या राहिलेल्या पोरालाही.

त्या घरी मी गेलो. मुलाला म्हणालो, भिक्खुणींना पाण्यात नेसायचे वस्त्र भगवंतांनी मंजूर केले, त्याला उदकसाटिका म्हणत. तुझी मुलगी जे मागते आहे ते तेच आहे. तो हसला, पण लगेच कबूल झाला नाही. बघणारे कसे बघतात त्याची भीती वाटते, म्हणाला. ती भीती खोटी नाही. मी म्हटले, मग बघणाऱ्यांचे डोळे सुधारायचे की मुलीला पाण्याबाहेर ठेवायचे? महापालिकेच्या तलावावर मुलींसाठी वेगळी वेळ असते का, एवढी चौकशी करायला तो तयार झाला.

म्हातारी कोपऱ्यात तांदूळ निवडत ऐकत होती. तिला बावीस प्रतिज्ञांची आठवण करून देण्याचे माझ्या मनात होते, पण ते मी केले नाही. तिला प्रतिज्ञा पाठ आहेत. तिला भीती आहे. मी एवढेच विचारले, "पोर बरे झाले ते कोणत्या औषधाने?" तिने दवाखान्याचे नाव बरोबर सांगितले, डॉक्टरीण बाईचेही सांगितले. मग बराच वेळ गप्प बसली. शेवटी विचारले, "त्या विशाखेनं कापड दिलं, ते किती जणींना?"

मी म्हणालो, सगळ्यांना, आयुष्यभर. ती पुन्हा तांदळाकडे वळली. माघी पौर्णिमेची यात्रा अजून दूर आहे. मधल्या काळात सुनेने रस्त्यापलीकडच्या मजूर बायकांसाठी चार बांबू आणि एक जाड ताडपत्री आणली आहे, आणि ती उभी करताना म्हातारी तिथे होती असे मला कळले. तुमच्याही घरात असा एखादा जुना नवस दडून बसला असेल. असल्यास म्हाताऱ्या माणसावर ओरडू नका, त्यांच्याजवळ बसा, आणि काय झाले ते आम्हाला लिहून कळवा.