सेवा आणि तिचे देणे

सेवेला मोल असते काय, असे आम्हांस पुष्कळदा विचारतात. याचे उत्तर पोथीत शोधण्याआधी गावच्या प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात जरा डोकवावे. १९९५ साली केंद्र सरकारची पोषण आहार योजना सुरू झाली. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्नच द्या, असा आदेश दिला. पहिली ते पाचवीच्या लेकरामागे १०० ग्रॅम धान्य आणि २० ग्रॅम डाळ ठरली. तांदूळ निवडणे, खिचडी शिजवणे, वाढणे, भांडी घासणे, हे सारे करणाऱ्या बाईला पगार नाही; मानधन मिळते, तेही वर्षातले १० महिने. का, तर म्हणे ती सेवा!

आता पाहा. फळाची आशा सोडावी, हे शास्त्र खरे. पण ते करणाऱ्याने आपले आपल्याला सांगायचे. दुसऱ्याच्या घामाचे फळ आपण परस्पर सोडून द्यायचे, हा कसला त्याग? हे तर ऋण बुडवणे झाले. पोटात अन्न नसेल तर पोराला गुरुजींचे अक्षरही लागत नाही. तेव्हा त्या माउलीला हात जरूर जोडा. पण जोडल्या हातांनी तिचे देणे झाकू नका.