रिकामी खुर्ची

2023 सालच्या वेरूळ-अजिंठा महोत्सवातील ती संध्याकाळ. मकई दरवाजाचा पूल ओलांडून रिक्षा सोनेरी महालाच्या वाटेला लागली. या महालाच्या भिंतींवर एके काळी सोन्याने काढलेली चित्रे होती, म्हणून हे नाव. सोने गेले, नाव राहिले.

उतरताना रिक्षावाल्याने विचारले, "साहेब, आत कुणालाही सोडतात का हो?"

माझ्या खिशात दोन प्रवेशिका होत्या. मित्र ऐन वेळी आला नव्हता. "पास लागतो," एवढे म्हणून मी आत गेलो. बोललो ते खरेच होते.

गाणे रंगले. मोकळ्या आभाळाखाली यमनाचा तीव्र मध्यम असा लागला की डोळे भरून आले. नेमकी तेव्हाच शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर नजर गेली. मी कोणाचे काही घेतले नव्हते; मला नको होते तेवढेच दिले नव्हते. याला चोरी म्हणावे काय? कायदा नाही म्हणेल. पण सूर वाटल्याने उणा होत नाही, हे ठाऊक असून मी तो अडवला. संगीताने मन मोठे होते, असे आपण म्हणतो. माझे डोळे मात्र माझ्यापुरतेच भरले होते!

बाहेर आलो तेव्हा रिक्षा नव्हती. ती दुसरी प्रवेशिका मी अजून फेकलेली नाही.